दिवा हळदणकरांचा, नाव रवी वर्म्यांचं

मा. संचालक,
भारतीय भाषा संस्थान,
मानसगंगोत्री, म्हैसूर

यांस,

आमच्याकडे पाहुणे आले की एक फेरी ठरलेली असते. राजवाडा, चामुंडीचा डोंगर, देवराज मार्केट आणि शेवटी जगनमोहन राजवाड्यातलं चित्रसंग्रहालय. तिथे एका चित्रापुढे सगळेच थबकतात. साडी नेसलेली एक बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. ज्योतीला वारा लागू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. उजेड बोटांच्या फटींतून गळतो, बोटं आतून लालसर दिसतात, आणि पाहणाऱ्याचा हात नकळत आपल्याच तळव्याकडे जातो. मागच्या खेपेला आमच्यापुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाला कन्नडमध्ये सांगितलं, ‘‘राजा रवी वर्मा.’’ मुलाने मान डोलावली. माझ्यासोबत नागपूरहून आलेले मेहुणे होते. तेही म्हणाले, ‘‘रवी वर्माच. दुसरं कोण असणार?’’

रवी वर्मा १९०६ साली वारले. हे चित्र त्यानंतर कित्येक वर्षांनी काढलेलं आहे. ते काढलं सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. जन्म सावंतवाडीचा, १८८२ सालचा, मृत्यू १९६८. मुंबईत त्यांनी १९०८ साली स्वतःची चित्रशाळा काढली होती. दिवा धरून उभी राहिलेली त्यांची मुलगी गीता. आणि हे तैलचित्र नाही, जलरंग आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून रंग चढवून झाकता येते. जलरंगात उजेड हवा असेल तिथे कागद कोरा राखावा लागतो; एकदा हात चुकला की चुकला. बोटांमधला तो उजेड म्हणजे हळदणकरांनी न रंगवलेला कागद आहे. हे कळल्यावर मेहुणे पुन्हा मागे फिरून चित्रापाशी गेले आणि पाच मिनिटं हलले नाहीत.

‘‘पण हे लिहिलंय कुठे?’’ बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं. मोबाइल हातातच होता. मी काय दाखवणार होतो? मराठीत हळदणकरांवर लिहिलेलं आहे, पण त्या कन्नड गृहस्थांच्या मुलापर्यंत ते कधी पोहोचायचं? सावंतवाडीच्या माणसाचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हैसुरात आहे. चित्र पाहणारे रोज येतात ते कन्नड, तमिळ, मलयाळी, हिंदी बोलणारे. आणि ज्याने काढलं त्याची माहिती मराठी पुस्तकांच्या कपाटात बंद. मी हे पत्र लिहायला बसलो ते त्या मुलासाठी.

मागणी थोडक्यात सांगतो. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या प्रदेशात जन्मलेल्या, नांदलेल्या, लढलेल्या, किंवा बाहेरून येऊन इथे काही ठेवून गेलेल्या माणसांचा ऑनलाइन चरित्रकोश आपल्या संस्थेने उभा करावा. आणि तो पहिल्या दिवसापासून अनेक भाषांत असावा. कन्नड तर हवीच. तिच्या जोडीला तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी आणि इंग्रजी.

ही मागणी आपल्याकडेच का, हेही सांगतो. १९६९ पासून आपली संस्था इथे आहे. देशातल्या बहुतेक भाषांचे जाणकार एका आवारात भेटतील अशा जागा भारतात फार नाहीत. राष्ट्रीय अनुवाद अभियानाचं काम आपल्याकडूनच चालतं. २०१६ पासून ‘भारतवाणी’वर आपण शब्दकोश घालता आहात. शब्दांचे कोश घालणाऱ्यांना माणसांचा कोश अवघड जाऊ नये.

आणि म्हैसूरला या कामाची सवय जुनी आहे. बी. एल. राइस यांनी १८८६ पासून ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड काढले आणि जवळजवळ नऊ हजार शिलालेख वाचून छापले. एकेका शिलालेखात दान देणारा, घेणारा, खोदणारा, साक्षीदार अशी माणसंच माणसं. पुढे कांजीवरम हयवदन राव यांनी १९१५ साली मद्रासहून ‘द इंडियन बायोग्राफिकल डिक्शनरी’ प्रसिद्ध केली. नंतर याच गृहस्थांनी म्हैसूरचं गॅझेटियर संपादित केलं आणि १९४३ ते १९४६ या काळात म्हैसूरचा तीन खंडी इतिहास लिहिला. म्हणजे म्हैसूरच्या इतिहासकाराने पहिल्यांदा चरित्रकोश केला आणि मग इतिहास. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आम्हा मराठी माणसांनाही या कामाचं वेड जुनं. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी प्राचीन काळातल्या व्यक्तींचा कोश १८७६ साली काढला आणि अर्वाचीनांचा १८८१ साली. पुढे पुण्याच्या सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी तीन चरित्रकोश सिद्ध केले: प्राचीन १९३२, मध्ययुगीन १९३७, अर्वाचीन १९४६. वेदातल्या ऋषींपासून आपल्या काळातल्या माणसांपर्यंतचा पल्ला त्यांनी गाठला. ज्ञानकोशकार केतकरांच्या घरी तर कोशकार्याने संसाराची धूळधाण केली, तरी माणूस हटला नाही. मराठी घरांत आजही चित्रावांचे जाडजूड ग्रंथ दिसतात. पिवळे पडलेले, कडा तुटलेल्या, पण विसंबावं असे.

मात्र या सगळ्या कोशांचा एक जन्मजात दोष आहे. छापलं की गोठलं. लंडनमध्ये १८८५ ते १९०० या पंधरा वर्षांत ६३ खंडांचा राष्ट्रीय चरित्रकोश झाला. त्यातून कोण कोण निसटलं याचा हिशेब लागायला पुढचं जवळपास शतक गेलं. १९९३ साली ‘मिसिंग पर्सन्स’ नावाचा वेगळा जाड खंडच काढावा लागला. आपल्याकडे एवढं थांबायला कोणाला वेळ आहे? ऑनलाइन कोशात चूक आज कळली की आज दुरुस्त होते, आणि कालपर्यंत काय लिहिलं होतं तेही जपून ठेवता येतं. ऑस्ट्रेलियाने आपला चरित्रकोश २००६ साली सर्वांसाठी मोफत ऑनलाइन खुला केला. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण वेल्सचं आहे. इंग्रजीच्या सावलीत वाढलेला तो चिमुकला देश. त्यांनी चरित्रकोश आधी १९५३ साली वेल्श भाषेत छापला, सहा वर्षांनी इंग्रजीत, आणि आता दोन्ही भाषांतला कोश त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या आधाराने कोणालाही मोफत वाचता येतो.

पण आपलं काम वेल्सपेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच जास्त मोलाचं. म्हैसूरच्या इतिहासातली माणसं कोणत्याही एका भाषेत मावत नाहीत. हे मी मराठी अभिमानापोटी म्हणत नाही. चार नोंदी घालून पाहू.

पहिली नोंद चावुंडरायाची. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी लेख कोरलेले आहेत. एक कन्नडमध्ये, एक तमिळमध्ये, एक मराठीत. तिन्ही सांगतात ते एकच: ही मूर्ती चावुंडरायाने करवली. आम्हाला शाळेत हीच मराठीतली पहिली ओळ म्हणून शिकवली होती. पुढे अभ्यासकांनी शंका काढली. याच मराठी लेखात भोवतालच्या बांधकामाचं श्रेय गंगराजाला दिलं आहे, आणि गंगराज तर होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. मग त्याच्या कितीतरी आधी घडलेल्या मूर्तीइतका मराठी लेख जुना कसा? हा वाद मराठी भाषेच्या वयाचा आहे, पण तो मिटवायला गंगराज कोण आणि कधीचा हे ठाऊक असावं लागतं. ते ज्ञान कन्नड अभ्यासकांकडे आहे. मला मात्र त्या दगडाचं नवल वेगळ्याच कारणाने वाटतं. एक माणूस, एक काम, तीन भाषा, एकच शिळा. मी आपल्याकडे मागतो आहे तो कोश तिथे कधीच सुरू झालेला आहे.

दुसरी नोंद खंडेरावाची. हैदरअलीच्या कारभारातला हा ब्राह्मण कारभारी. १७६० साली त्याने म्हैसूरच्या राणीच्या बाजूने होऊन, मराठी फौजेची मदत मागून हैदरला जवळजवळ संपवलं होतं. पण हैदर सावरला, आणि खंडेराव हाती लागला. पुढची कथा सर्वांना पाठ आहे: हैदरने म्हटलं, मी याला पोपटासारखा पाळीन, आणि खंडेरावाला लोखंडी पिंजऱ्यात घालून दूधभात खायला घातला. ही कथा आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः मार्क विल्क्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या इतिहासातून. हा म्हैसूरचा रेसिडेंट होता, आणि त्याने लिहिलं ते टिपू पडल्यानंतर, घटनेला पन्नास वर्षं होत आली असताना. हैदरला क्रूर दाखवण्यात इंग्रजांचा फायदा होता. म्हणून कथा खोटी ठरत नाही. पण नोंदीत तिच्यापुढे ‘विल्क्स सांगतो’ असं लिहायला हवं. ‘हैदर नाईक’ असा त्याचा उल्लेख करणारी मराठी पत्रं शेजारी ठेवायला हवीत, आणि फारसी बखरकार काय म्हणतात तेही. एवढी तिन्ही बाजूंची पानं एका माणसाला वाचता येणं कठीण. आपल्या आवारात ती तीन टेबलांवर वाचून होतील.

तिसरी नोंद धोंडिया वाघाची. जन्म चन्नगिरीचा, मराठी कुळातला. याच चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे गावी शहाजीराजांची समाधी आहे, हा योगायोग. धोंडिया टिपूच्या कैदेत होता. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं त्या गोंधळात तो सुटला, माणसं जमवली आणि स्वतःला ‘उभयलोकाधीश्वर’ म्हणवून घेऊ लागला. १० सप्टेंबर १८०० रोजी वेलस्लीच्या फौजेशी लढताना तो मारला गेला. नेपोलियनला हरवणारा तो पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याने या दख्खनी वाघाच्या मागे महिनोन् महिने घोडी दमवली होती. धोंडियाचा लहान मुलगा सलाबतखान हाती लागला, तेव्हा त्याच्या पालनपोषणाची सोय वेलस्लीने केली. इंग्रजी कागदांत हा माणूस दरोडेखोर आहे. त्याच्यात इंग्रजांविरुद्धचा पहिला बंडखोर पाहणारेही आहेत. मराठी वाचकाला तर तो ठाऊकच नसतो. कोशाने त्याला कोणता शब्द लावावा? माझं मत: एकही नाही. तारीख, ठिकाण, कोणाशी लढला, कोण काय म्हणालं, एवढं लिहावं. ‘थोर’, ‘शूर’, ‘क्रूर’, ‘लुटारू’ ही विशेषणं वाचकाच्या हवाली करावीत.

आता चौथी नोंद. ती मुद्दाम माझ्या बाजूची घेतो. परशुरामभाऊ पटवर्धन. आमच्याकडे हे नाव आदराने घेतात. सांगली, मिरज, तासगाव या भागातली त्यांची आठवण अजून ताजी आहे, आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरातली पत्रं छापून त्या काळाचा खजिना आम्हाला उघडून दिला. पण १७९१ च्या स्वारीत याच फौजेच्या एका तुकडीने शृंगेरीचा मठ लुटला. देवीची मूर्ती हलवली, ब्राह्मण मारले गेले, शंकराचार्यांना मठ सोडून जावं लागलं. आणि मठाच्या पुनर्स्थापनेसाठी मदत धाडली ती टिपू सुलतानाने. टिपूची याबद्दलची पत्रं १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना शृंगेरीला सापडली. मराठी कोशात परशुरामभाऊंची नोंद शृंगेरीशिवाय होऊ शकते. कन्नड कोशात टिपूची नोंद शृंगेरीपुरतीच होऊ शकते. दोन्हीकडचे अभिमानी खूश. पण कोश बहुभाषी असेल, एकच नोंद दोन्ही भाषांत उतरवायची असेल, तर दोघांनाही एका टेबलावर बसून ती ओळ लिहावी लागेल. मराठी माणसाला शृंगेरी लिहावं लागेल, आणि टिपूच्या नोंदीत कोडगू आणि मेलुकोटे इथल्या अत्याचारांचे आरोपही टाळता येणार नाहीत. बहुभाषी कोशाचा सर्वांत मोठा फायदा मला हाच दिसतो. एका भाषेतलं झाकलेलं दुसऱ्या भाषेत उघडं असतं.

लढायांपलीकडेही हेच चित्र आहे. विश्वेश्वरय्या १९१२ साली म्हैसूरचे दिवाण झाले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यांच्या आधीचे दोन दिवाण कोण? व्ही. पी. माधवराव, १९०६ ते १९०९, आणि टी. आनंदराव, १९०९ ते १९१२. दोघेही तंजावरकडच्या मराठी घरांतले. आनंदराव तर बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवरावांचे चिरंजीव. बंगळुरूच्या आनंदराव सर्कलवरून रोज हजारो गाड्या जातात. त्यातल्या किती जणांना हे आनंदराव ठाऊक असतील? तंजावरच्या मराठ्यांचा तो एक धागा म्हैसुरातून बडोद्यापर्यंत गेला आहे. पण त्याची नोंद तमिळनाडूवाले करत नाहीत, कारण ती माणसं मराठी. महाराष्ट्रातले करत नाहीत, कारण ती दूर. आणि कर्नाटकातले करत नाहीत, कारण ती आली आणि गेली.

बंगळूर नागरत्नम्मांचंही तेच. जन्म १८७८, आपल्या नंजनगूडचा. तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांच्या काळात मुद्दुपळनी नावाच्या गणिकेने तेलुगूत लिहिलेलं शृंगारकाव्य ‘राधिका सांत्वनम्’ नागरत्नम्मांनी १९१० साली पुन्हा छापलं. इंग्रज सरकारने त्यावर बंदी आणली. ती उठली स्वातंत्र्याच्या वेळी. तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी त्यांनी स्वतःच्या पैशांनी उभारली. ही एक बाई: जन्माने म्हैसूरची, नावाने बंगळूरची, काम तेलुगूतलं, समाधी तमिळ देशी, आणि तिने वाचवलेलं पुस्तक मराठा दरबारातलं. सांगा, हिला कोणत्या भाषेच्या कोशात टाकणार?

आणि गाणाऱ्यांची तर रांगच आहे. ग्रामोफोनवर हिंदुस्थानचा आवाज पोहोचवणाऱ्या गौहरजान १९२८ साली म्हैसूर दरबारच्या गायिका झाल्या आणि १७ जानेवारी १९३० रोजी इथेच कृष्णराजेंद्र रुग्णालयात वारल्या. भास्करबुवा बखल्यांचे गुरू नत्थनखाँ म्हैसूर दरबारात होते. मिरजेचे अब्दुल करीमखाँ दसऱ्याला म्हैसूरला यायचे. त्या येण्याजाण्यात वाटेवरच्या धारवाड-कुंदगोळ भागात त्यांचं गाणं रुजलं आणि सवाई गंधर्व घडले. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी ऐकणारा पुण्याचा श्रोता म्हैसूरच्या दसऱ्याचं किती देणं लागतो, ते अशा चार नोंदी एकमेकींना जोडल्या की दिसतं. छापील पुस्तकात ‘पाहा’ म्हणून बाण काढतात. ऑनलाइन कोशात बोट ठेवलं की माणूस त्या नोंदीवर जातो. एवढ्यासाठी तरी हा कोश ऑनलाइन हवा.

आता थोडं व्यवहाराचं.

एक. सुरुवात लहान करा. तीनशे नावं, सहा भाषा, दोन वर्षं. पाच हजारांचा संकल्प सोडून पन्नास नोंदींवर विरलेले प्रकल्प आपण सर्वांनी पाहिले आहेत.

दोन. आधी नावांचा मेळ घाला. पूर्णय्या, पूर्णैया, पुर्णिया, आणि इंग्रजी पत्रांतली आणखी दोन रूपं: हा एकच दिवाण. हैदर नाईक, हैदरअली, बहादूर: हाही एकच. शोधणाऱ्याने कोणत्याही लिपीत, कोणत्याही वळणाने नाव टाकलं तरी तो त्याच पानावर पोहोचला पाहिजे. प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक द्या; नाव बदलेल, क्रमांक बदलणार नाही.

तीन. प्रत्येक वाक्यामागे आधार हवा, आणि आधाराची जातही सांगायला हवी. समकालीन कागद, नंतरचा इतिहास, घराण्यातली आठवण, लोककथा. म्हैसूरपाक राजवाड्यातल्या काकासुर मादप्पांनी पहिल्यांदा केला असं सांगतात. ती नोंद जरूर घ्या, गोड आहे. पण तिच्यापुढे ‘सांगोवांगी’ असा शिक्का मारा.

चार. नोंदीखाली लेखकाचं नाव हवं. सही केली की माणूस जपून लिहितो.

पाच. हयात माणसांना प्रवेश नाही. एवढा एक नियम केलात तर पुढाऱ्यांचे फोन बंद होतील. वंशजांचे आणि ज्ञातिसंस्थांचे मात्र येत राहतील. त्यांना नम्रपणे सांगा: कागद दाखवा.

सहा. राजे, दिवाण, सेनापती यांना निम्म्याहून जास्त जागा देऊ नका. गंजिफा रंगवणारे, वीणा घडवणारे, गरडीतले, म्हणजे तालमीतले, पैलवान, शाळा काढणाऱ्या बायका, शेतावरचे कालवे खोदणारे, म्हैसूर सँडल साबणाची कृती बसवणारे गरळपुरी शास्त्री, भावसार आणि नामदेव शिंपी समाजातले कारागीर, हे सगळे आत आले पाहिजेत.

‘विकिपीडिया आहे की,’ असं कोणी म्हणेल. आहे, आणि मी रोज वापरतो. पण तिथे छापून आलेल्याचा आधार लागतो, दप्तरातला न छापलेला कागद चालत नाही. शिवाय कन्नड, मराठी आणि इंग्रजी पानं एकमेकांशी बोलत नाहीत. तीन पानांवर तीन वेगळ्या साली जन्मलेला माणूस मी पाहिला आहे. आता तर मोबाइललाच विचारण्याचा काळ आला आहे. तो सहसा ‘ठाऊक नाही’ म्हणत नाही. सुतासारखं सरळ उत्तर ठोकून देतो. त्याने जे वाचलं तेच तो सांगणार. आपल्या भाषांत त्याला वाचायला धड काही ठेवलं नाही, तर उद्याही दिवेवाली रवी वर्म्यांचीच राहील.

आता आमचा वाटा. मागणी करून मोकळं होणं बरं नव्हे. म्हैसूरच्या इतिहासाचा मोठा हिस्सा मोडी कागदांत आहे: पुण्याच्या पेशवे दप्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात, तंजावरच्या सरस्वती महालात. मोडी वाचणारी माणसं आजही महाराष्ट्रात आहेत, दरवर्षी वर्ग भरतात, नवी मुलं शिकतात. पण शिकल्यावर काय वाचायचं हे त्यांना कोणी सांगत नाही. आपण त्यांना कागद द्या. म्हैसूर, बंगळुरू, तंजावर, धारवाड इथल्या मराठी मंडळांनी घरातल्या पेट्या उघडाव्यात. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना माझं सांगणं: आपला इतिहास कृष्णेपाशी संपत नाही. कावेरीकाठचे कागद कन्नडमध्ये आहेत म्हणून ते परके नाहीत.

शेवटी एका नोंदीची विनंती. १९०५ साली म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत एक पंडित ताडपत्रांची पोथी देऊन गेला. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती उलगडली तर आत कौटिल्याचं अर्थशास्त्र निघालं. १९०९ साली ते छापलं गेलं, आणि प्राचीन भारताच्या राज्यकारभाराबद्दल जगाची समजूत पालटली. कौटिल्याचं नाव सर्वांना ठाऊक. शामशास्त्रींचं अभ्यासकांना ठाऊक. पोथी आणून देणाऱ्याबद्दल शामशास्त्री लिहितात ते एवढंच, की तो तंजावर जिल्ह्यातला पंडित होता. नाव नाही.

त्याचीही नोंद घ्या. ‘तंजावरचे पंडित, नाव अज्ञात’ अशी. खाली जागा मोकळी ठेवा. कोणाच्या घरातली आठवण, कुठल्या मठातली वही, एखादं पत्र कधी तरी वर येईल. छापील कोशात ही मोकळी जागा ठेवता येत नव्हती.

आणि कोशाची पहिली नोंद हळदणकरांची करा. मराठी मजकूर मी लिहून देतो, तपासा, चुका काढा, कन्नडमध्ये आणा. पुढच्या दसऱ्याला मेहुणे पुन्हा येणार आहेत. त्यांना मोबाइलवर ते पान दाखवता आलं, आणि शेजारच्या कन्नड गृहस्थांनाही, तर हे पत्र पोहोचलं असं मी समजेन.



आपला,
म्हैसूरचा एक मराठी रहिवासी